ऑटोमॅटिक पिकअपचं लाल तेल: बघायचं कसं, घालायचं किती, आणि कमी झालं तर गेलं कुठे?

मागे एका रविवारी कराडहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. हा पठ्ठ्या आयुष्यभर बोलेरो पिकअप चालवलेला, आता हौसेने टोयोटाची हायलक्स ऑटोमॅटिक घेतलीय, आणि बोनेट उघडून मोबाईल आत घालून मला विचारतोय, "दादा, तुझ्या ट्रकला ती गिअरच्या तेलाची पातळी मोजायची दांडी आहे ना लाल मुठीची, माझ्या गाडीला कुठे लपवलीय रे?" मी म्हटलं लपवली नाहीये, दिलेलीच नाहीये. त्यावर त्याचा चेहरा असा झाला की लाखो रुपये घेऊन शोरूमवाल्याने एक पार्ट काढून ठेवलाय.

मी इकडे ह्यूस्टनला २००५ ची शेवरोले सिल्व्हराडो चालवतो, सेकंडहँड घेतलेली, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ४एल६०-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हिला दांडी आहे. आणि ती दांडी चुकीची वाचून मी एकदा स्वतःच्या हाताने चांगलाच घोळ घातलाय, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी समजतो. इंजिन ऑईल बघणं सगळ्यांना येतं, गाडी बंद, दांडी ओढा, पुसा, बघा, झालं. ऑटोमॅटिकच्या तेलाला हीच पद्धत लावली की उत्तर चुकतं, आणि का चुकतं ते एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप लक्षात राहतं.

हे तेल करतं तरी काय

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं पातळ, बहुतेक वेळा लाल रंगाचं तेल. मी पुढे नुसतं लाल तेल म्हणतो. मॅन्युअल गाडीत गिअर ऑईल दातांना वंगण देतं आणि तेवढ्यावर त्याचं काम संपतं. ऑटोमॅटिकमध्ये तसं नाही, इथे तेल हाच एक चालता पार्ट आहे.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसऱ्याची वायर काढलेली असू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरायला लागतो ना, तसंच. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक बंद डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, त्याच्यात असेच दोन पंखे समोरासमोर, फक्त वाऱ्याऐवजी मधे तेल. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा पंखा फिरतो आणि चाकाकडे ताकद जाते. म्हणून सिग्नलला गिअरमध्ये गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही. (हायवेवर स्पीड पकडला की आतला एक क्लच दोन्ही पंखे जोडून टाकतो म्हणजे ताकद वाया जात नाही, पण ते राहू दे.)

हे झालं एक काम. दुसरं, गिअर बदलण्यासाठी आत क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात आणि ते दाबायला माणसाचा पाय नसतो, तेलाचाच दाब असतो. तिसरं काम वंगणाचं. आणि चौथं, ही सगळी उष्णता उचलून पुढे कूलरपर्यंत नेऊन टाकायची. चार माणसांची कामं एकटा करणारा हा गडी आहे, मग त्याच्या मापात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तर फरक पडणारच.

यातलं सगळ्यात नाजूक काम क्लच प्लेटांचं. प्लेट तेलात बुडलेली असते आणि तरी तिने पकड घ्यायची असते, म्हणजे तेलाने निसरडंही राहायचं आणि वेळेवर चिकटायचंही. कुस्तीत पैलवान हाताला माती लावतो ना पकड बसावी म्हणून, माती कमी तर हात सटकतो, जास्त तर पकड झटक्यात बसते. लाल तेलात तशी "माती" म्हणजे घर्षण कमीजास्त करणारी रसायनं मिसळलेली असतात आणि प्रत्येक कंपनीच्या आखाड्याची माती वेगळी. ऐकून खोटं वाटेल पण एके काळी अमेरिकेत याच कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली तेव्हा कंपन्यांना फॉर्म्युले बदलावे लागले. व्हेल वाचले ते बरंच झालं.

इंजिन चालू ठेवूनच का बघायचं

शेतात विहिरीवर मोटार असते आणि रानभर पाईप पसरलेले. मोटार चालू केली की आधी पाईप भरतात आणि तेवढं पाणी विहिरीतून कमी होतं. मोटार बंद केली, वरच्या पाईपातलं पाणी मागे उतरलं, की विहिरीची पातळी परत चढलेली दिसते. पाणी तेवढंच, पण दोन्ही वेळचं माप वेगळं.

गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरमध्ये तेल असतं आणि पंप इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन चालू असेल तेव्हा तेल कन्व्हर्टरमध्ये, क्लचमध्ये, कूलरच्या नळ्यांमध्ये भरलेलं असतं, चेंबरमध्ये उरतं ते दांडीवर दिसतं. इंजिन बंद केलं की वरचं बरंचसं तेल चेंबरमध्ये उतरतं आणि दांडी ओसंडून भरलेली दाखवते. आपण खूश, आणि प्रत्यक्षात तेल कमी.

दांडी असलेल्या बहुतेक अमेरिकन पिकअपमध्ये गिअर पार्कला ठेवून बघायचं. जुन्या डॉज रॅमवाल्यांनी मात्र जपून, त्यांच्या जुन्या टॉर्कफ्लाइट घराण्यातल्या गिअरबॉक्सात पार्कला कन्व्हर्टरकडे तेलच जात नाही म्हणून तिथे हँडब्रेक ओढून न्यूट्रलला बघायचं असतं. कुठल्या गिअरला बघायचं हे बऱ्याचदा दांडीवरच कोरलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

आणि गरम असतानाच का, हे मी कसं शिकलो

जानेवारीतली सकाळ, ह्यूस्टनच्या मानाने कडाक्याची थंडी, ट्रक रात्रभर अंगणात उभा. मी इंजिन चालू केलं, पार्कला ठेवलं, दांडी ओढली, म्हणजे निम्मं बरोबर केलं होतं. तेल खुणेच्या बरंच खाली. घरात एक क्वार्टची बाटली होती, म्हणजे ९४६ मिली, ती मी सगळीच्या सगळी ओतली, अगदी उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा. दुपारी हायवेला पाऊण तास चालवली आणि उतरलो तर गाडीखालून धूर आणि करपल्याचा वास. गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या नळीतून तेल बाहेर येऊन सायलेन्सरच्या गरम पाईपवर पडत होतं.

झालं काय होतं, तर तेल गरम झालं की फुगतं. साध्या हिशोबाने दर अंशाला शेकडा ०.०७ च्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण माझ्या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर धरून साधारण साडेदहा लिटर तेल मावतं, आणि सकाळच्या १० अंशांपासून चालून चालून ते ८० च्या वर जातं, म्हणजे सत्तर अंशांचा फरक, गुणाकार करा, जवळपास अर्धा लिटर वाढलं. आता गंमत बघा, दांडीवर खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंतचं अंतरच मुळी अर्ध्या लिटरचं असतं! म्हणजे थंड गाडीत बघितल्यामुळे जी चूक होते ती अख्ख्या पट्टीएवढी. माझं तेल कदाचित बरोबरच होतं, मी त्याच्यावर जवळजवळ एक लिटर जास्त घातलं.

जास्त झालं तर बिघडलं कुठे, असंही बरेच जण विचारतात, "सांडून जाईल की उरलेलं." सांडून जातंच, मी पाहिलंय, पण त्याआधी जे होतं ते वाईट. तेलाची पातळी फिरणाऱ्या गिअरपर्यंत पोचली की ते गिअर रवीसारखे तेल घुसळायला लागतात आणि ताकावर येतो तसा फेस येतो. फेस म्हणजे हवा, आणि हवा दाबली की दबते, ती क्लच प्लेट दाबू शकत नाही. मग गिअर उशिरा पडतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात. कमी तेलातही हेच होतं, फक्त उलट्या वाटेने, पंप तेलाबरोबर हवा ओढतो. म्हणजे कमी असो की जास्त, लक्षणं बरीचशी सारखी. म्हणूनच नुसत्या लक्षणांवरून "तेल कमी असेल" म्हणून ओतत सुटणं मूर्खपणाचं आहे.

आता प्रत्यक्ष, माझ्या ट्रकवर करतो तसं

आधी गाडी चालवून आणायची, माझ्या गाडीच्या पुस्तकात २४ किलोमीटर म्हणजे १५ मैल दिलंय, एवढ्याने तेल ८२ ते ९३ अंशांपर्यंत येतं. पण उलटंही आहे, जर बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकला असाल, ट्रेलर ओढून आला असाल, तर तेल प्रमाणाबाहेर तापलेलं असतं आणि दांडी जास्त दाखवते, तेव्हा अर्धा तास थांबायचं. इथे जून ते सप्टेंबर मी दरवेळी अर्धा तास थांबतो, आणि विदर्भात कोणी हे वाचत असेल तर तुम्हाला तर मार्चपासूनच थांबावं लागेल.

सपाट जागा हवी, उतारावर लावलेल्या गाडीचं माप म्हणजे वाकड्या टेबलावरचा चहाचा कप. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय, इंजिन चालू, आणि गिअरचा लिव्हर एकेका जागी नेऊन दोन-तीन सेकंद थांबवत सगळे गिअर फिरवून आणा, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा तेलाने भरतात. परत पार्कला आणून तीनेक मिनिटं गाडी तशीच चालू राहू द्या, रेस करायची नाही.

मग बोनेट. इंजिन चालू आहे, पंखा-बेल्ट फिरतायत, तेव्हा ओढणी, टाय, मफलर, सैल बाही, लटकणारी चेन काही नको आणि पोरं लांब. माझ्या ट्रकला दांडी इंजिनाच्या मागच्या बाजूला, पॅसेंजरकडे आहे, मूठ आधी उचलून मग ओढावी लागते. ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, तीन सेकंद थांबा, पुन्हा ओढा. पुसायला बनियनचं जुनं फडकं चालेल पण गॅरेजमध्ये मिळतं ते कॉटन वेस्ट नको, त्याचा एक धागा आत गेला तर आतल्या सुईएवढ्या बारीक वाटांमध्ये कुठे अडकेल सांगता येत नाही. दांडीच्या दोन्ही बाजू बघायच्या आणि जी कमी दाखवते ती खरी, कारण बाहेर येताना दांडी नळीला घासून एका बाजूला तेल वर माखलेलं असतं. रेघांनी चौकटी मारलेल्या "हॉट" पट्ट्यात तेल असलं की झालं, अगदी वरच्या रेघेला टेकलंच पाहिजे असा हट्ट नको. दांडीवर "कोल्ड" अशीही खूण असते पण ती अंदाजापुरती, त्या खुणेवर विसंबून ओतायचं नाही, ओतलं तर जानेवारीतला मी व्हाल.

रंग आणि वास बघायला विसरू नका

पातळीपेक्षा जास्त माहिती इथे मिळते असं माझं मत झालंय. दांडी पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लालचुटूक आणि पारदर्शक. हजारो किलोमीटर चालून थोडं तपकिरीकडे झुकलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. कोऱ्या काढ्यासारखं काळपट आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटा घसरून जळतायत, तिथे वरून अर्धा लिटर नवं घालणं म्हणजे करपलेल्या आमटीत कोथिंबीर. टिश्यूवर चमचमणारी धातूची भुकटी दिसली तर बोनेट लावा आणि मेकॅनिककडे जा.

आणि जर सोलकढी दिसली, म्हणजे गुलाबी, दुधाळ, तर गाडी तिथेच बंद करा, चालवत गॅरेजलाही नेऊ नका, टो करा. बऱ्याच गाड्यांमध्ये लाल तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते, आतल्या आत ती फुटली की कूलंट तेलात शिरतं. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल क्लच प्लेटांवरच्या कागदासारख्या अस्तराचा चिकटपणाच सोडवतात. वेळेत कळलं तर रेडिएटर आणि तेल बदलून सुटता येतं, नाहीतर गिअरबॉक्स.

किती घालायचं

थोडं. आणि मग आणखी थोडं. खालच्या खुणेला असेल तर एकूण लागणारच अर्धा लिटर, त्यामुळे मी एका वेळी पाव लिटरच्या वर ओतत नाही, पेल्यात मोजून घेतो. ज्या नळीत दांडी असते त्याच नळीतून ओतायचं, त्यासाठी लांब बारीक नळीचं नरसाळं लागतं, घरातलं रॉकेलचं नरसाळं नाही चालणार. इंजिन चालूच. हात थरथरतो तेव्हा सांडतं, आणि सांडलेलं तेल तापलेल्या सायलेन्सर पाईपवर पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून हळू.

ओतल्यावर लगेच दांडी बघितली तर नळीच्या कडांना लागलेलं तेल दांडीला माखून भलतंच काहीतरी दिसतं. पुन्हा सगळे गिअर फिरवा, पाच मिनिटं जाऊ द्या, मग बघा. चुकून जास्त झालंच तर त्याच नळीतून बारीक पाईप सोडून हातपंपाने उपसता येतं. मी त्या दिवशी तेच केलं, अंगणात गुडघे टेकून दीड तास, शेजारचा म्हातारा खुर्ची टाकून बघत बसला होता.

"लाल म्हणजे लाल, कुठलंही चालतं की!"

नाही चालत. लाल रंग हा फक्त रंग आहे, गळती झाली तर इंजिन ऑईलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून घातलेला. रंगावरून तेल ओळखणं म्हणजे पॅकिंगच्या रंगावरून औषध घेणं. जनरल मोटर्सची डेक्सरॉन, फोर्डची मर्कॉन, क्रायसलर-डॉज-रॅमची एटीएफ प्लस फोर, टोयोटाची डब्ल्यूएस, आणि यातसुद्धा पोटजाती, फोर्डचंच बघा, मर्कॉन व्ही वेगळं, एलव्ही वेगळं, दहा गिअरवाल्या नव्या एफ-१५० ला यूएलव्ही वेगळं. मातीचं उदाहरण आठवा, आखाडा वेगळा तर माती वेगळी.

माझ्या ट्रकला पुस्तकात डेक्सरॉन ३ लिहिलंय आणि दुकानात मिळतं डेक्सरॉन ६. पहिल्यांदा मी गोंधळलो होतो. जनरल मोटर्सने डेक्सरॉन ६ हे २००५ ला आणलं आणि २००६ संपताना डेक्सरॉन ३ ची लायसन्स देणं बंदच केलं, आणि जुन्या डेक्सरॉन ३ वाल्या गाड्यांना ६ चालतं असं कंपनीच सांगते. उलट चालत नाही, ६ मागणाऱ्या गाडीत ३ नाही घालायचं. म्हणजे बाटलीवर "ऑल व्हेइकल्स" लिहिलेलं बघून नाही, तर गाडीच्या पुस्तकात जे नाव आहे ते बाटलीच्या मागे शोधून घ्यायचं. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरच नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीचं तेल तर पूर्णच वेगळं, ते इथे नको. आणि आपल्याकडे छोट्या गाड्यांमध्ये जी एएमटी असते ती आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर माणसाऐवजी मशीन टाकतं, तिला या लेखातलं काहीच लागू नाही.

कमी झालं तर गेलं कुठे

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तोच खरा. इंजिन ऑईल थोडंफार जळतं, हजार-दोन हजार किलोमीटरला जरा कमी दिसलं तर जुन्या गाडीत चालतं. लाल तेल जळायला जागाच नाही, तो बंद कारभार आहे. (फार जुन्या काही गिअरबॉक्सना व्हॅक्यूमवर चालणारा एक पडदा असायचा, तो फाटला की इंजिन लाल तेल ओढून पिऊन टाकायचं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, पण माझ्या ट्रकमध्येसुद्धा ती भानगड नाही.) मग दांडीवर कमी दिसलं आणि माप बरोबर घेतलं होतं, तर दोनच शक्यता: मागच्या वेळी कोणीतरी कमी भरलं, किंवा गळतंय.

त्यामुळे ओतून बोनेट लावून विसरून जायचं नाही. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा. सकाळी पारदर्शक डाग असेल तर ते एसीचं पाणी, हिरवा किंवा नारिंगी गोडसर वासाचा असेल तर बहुतेक कूलंट, काळा असेल तर इंजिन ऑईल, लाल असेल तर आपलं. लाल डाग गाडीच्या मधोमध असेल तर चेंबरचं गॅस्केट किंवा सील, पुढे रेडिएटरजवळ असेल तर कूलरच्या नळ्या. काही गाड्यांमध्ये पॉवर स्टीअरिंगलाही लाल तेलच असतं, तेव्हा पुढच्या लाल डागावरून लगेच गिअरबॉक्सला शिव्या नकोत. माझ्याकडे डाग पुढे होता, कूलरच्या नळीचा रबर आणि लोखंड जिथे दाबून जोडलेलं असतं तिथून थेंब थेंब. नळी बदलली, त्यानंतर दांडी आहे तिथेच आहे.

गळती थांबवायची बाटलीबंद औषधं मिळतात, सील फुगवून थेंब थांबवतात, काही वेळा चालतातही. फुटलेल्या नळीला मात्र त्याचा काही उपयोग नाही आणि मी तरी माझ्या ट्रकमध्ये ते घातलं नसतं.

"आमचा मेकॅनिक म्हणतो त्याला हात लावू नका, तेल बदललं की गिअरबॉक्स जातो"

यात अर्धं तथ्य आहे म्हणून हा समज टिकलाय. दीड-दोन लाख मैल तेल न बदललेला गिअरबॉक्स, प्लेटा झिजून त्यांची भुकटी जुन्या तेलात तरंगतेय, आणि ती भुकटीच थोडीफार पकड देतेय. अशा मरणपंथाला लागलेल्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की दोन दिवसात तो बसतो आणि नाव नव्या तेलाचं होतं. पण पातळी बघणं आणि कमी असेल तेवढं भरणं याला तर कुठलाच मेकॅनिक नाही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर मेकॅनिक बदला.

तेल बदलायचं कधी तर माझ्या ट्रकच्या पुस्तकात साध्या वापराला १ लाख मैल आणि कठीण वापराला ५० हजार मैल म्हणजे ८० हजार किलोमीटर. आता कठीण वापर म्हणजे काय तर ३२ अंशांच्या वर तापमानात शहरातल्या गर्दीत चालवणं, डोंगराळ भाग, ट्रेलर ओढणं, डिलिव्हरी किंवा टॅक्सी. वाचून मला हसू आलं, ह्यूस्टनमध्ये कठीण नसलेला वापर कोण करतो? शिवाय चेंबर उघडून बदललं तरी जेमतेम पावणेपाच लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणजे एका खेपेत निम्म्याहून कमीच नवं.

ज्यांच्या गाडीला दांडीच नाही

मावसभावाची हायलक्स यात येते. कंपन्या "सील्ड" म्हणतात, म्हणजे डबा वेल्डिंग करून बंद केलाय असं नाही, फक्त मालकाने उगाच उघडू नये म्हणून दांडी काढून टाकलीय. माझ्यासारखे थंडीत बाटली उलटी करणारे लोक बघता कंपनीचा राग येत नाही खरं तर. फोर्डच्या सहा गिअरच्या एफ-१५० मध्ये मधला मार्ग आहे, बोनेटखाली काही नाही पण गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूला एक बोल्ट आहे, त्याच्या पोटात छोटी दांडी, आणि शेजारीच तापलेला सायलेन्सर पाईप. हात भाजून घेण्याची उत्तम सोय.

हायलक्ससारख्या गाडीत पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाईपसारखी पद्धत असते. चेंबरच्या तळाला एक बोल्ट, त्याच्या आत ठराविक उंचीची उभी नळी. गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत बघत कंपनीने दिलेल्या अरुंद पट्ट्यात आलं की बोल्ट काढायचा. बारीक धार येऊन मग थेंब थेंब झालं तर पातळी बरोबर, काहीच आलं नाही तर कमी आहे, खालून थेंब यायला लागेपर्यंत वरच्या भोकातून तेल भरायचं. इथे तापमान चुकलं की सगळंच चुकलं, कारण तेच फुगण्याचं गणित. म्हणून त्याला सांगितलं, हे घरी जॅक लावून करायचं काम नाही, एक तर गाडी तिरकी राहील आणि दुसरं म्हणजे चालू गाडीखाली जॅकच्या भरवशावर झोपायचं नाही, कधीच नाही. सर्व्हिसिंगला गेलास की एवढंच विचार की पातळी कुठल्या तापमानाला बघितली. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून जा.

"मग सील्ड म्हणजे आयुष्यभराचं तेल ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. आयुष्य कोणाचं ते विचारायचं. जर्मनीची झेडएफ कंपनी ज्या आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठी प्रसिद्ध आहे आणि ज्याच्या रचनेचा गिअरबॉक्स २०१३ पासून रॅम १५०० मध्येही येतो, त्या झेडएफचंच म्हणणं आहे की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला. गाडी विकणारा म्हणतो आयुष्यभर, गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो आठ वर्षं, मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

उरलेल्या तेलाचं

उपसलेलं, काढलेलं तेल गटारात किंवा झाडाखाली नाही. इथे गाड्यांच्या पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत ते फुकट जमा करून घेतात, तिकडे गॅरेजवाला त्याच्या जळक्या ऑईलच्या ड्रममध्ये ओतून घेतो. आणि उरलेलं नवं तेल त्याच्याच बाटलीत ठेवा. मी ते पाण्याच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीत भरून गॅरेजच्या फळीवर ठेवलं होतं, उन्हाळ्यात आई चिपळूणहून आली होती, एक दिवस ती बाटली हातात धरून स्वयंपाकघरात उभी, "अरे एवढं चांगलं आगळ तिकडे गाडीजवळ कशाला ठेवलंयस?" झाकण उघडायच्या आत मी पोचलो.